सुट्टीच्या दिवशीची कचेरी

माझ्या मायचा मळा सरकारने घेतला नाही, सावकारानेही घेतला नाही. कायदा शिकवणाऱ्या मास्तर लोकांनी तो घालवला, आणि तोही सुट्टीच्या दिवशी, चहा-बिस्किटं खात. हे मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. ऐकणारा म्हणतो, "बाई, असं कसं होईल?" म्हणून आता एकदाचं सगळं लिहूनच टाकते. राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

निजामाचं राज्य होतं. मी बोथ नावाच्या गावी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. पहिली-दुसरीच्या पोरींना अक्षरं गिरवायला शिकवायची, त्यांची नाकं पुसायची आणि महिनाअखेर साहेब तपासणीला आले की त्यांना सलाम करायचा, एवढीच माझी नोकरी. तरी मी शिकवणारी होते, आणि म्हणूनच शिकवणाऱ्यानं खोटेपणा केला की मला दुप्पट संताप येतो. दुसऱ्या कोणी केला असता तर कदाचित एव्हाना विसरलेही असते.

माय आदिलाबादेत एकटी राहायची. गावाबाहेर नाल्याच्या कडेला आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. विहिरीच्या कडेने झेंडूची रांग. बाबांनी खडक फोडून ती विहीर खणली होती. बाबा गेले, मोठ्या बहिणीचं आणि माझं लग्न झालं, माझा नवरा लवकर गेला आणि मी नोकरीला लागले. मुलगा नाही म्हटल्यावर बाबांच्या चुलतभावाच्या, आमच्या काकाच्या, आशेला पालवी फुटली. त्याने कचेरीत दावा टाकला की मळा सामाईक घराण्याचा आहे, बाईला पोटापुरतं द्यावं, जमीन आपल्या नावे करावी. मायने ऐकलं आणि म्हणाली, "इहीर खणून राह्यले होते तवा हा कोठी झोपला होता?" तिला वकील लावू म्हटलं तर ऐकेना. "मह्या मळ्याचं म्या नाई सांगणार तर कोण सांगंन?" पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख पडली होती. त्या दिवशी उभं राहून आपणच सगळं सांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आता त्या विद्वान लोकांकडे वळते.

शहरातल्या विद्यापीठात कायद्याचा विभाग होता. त्याचे प्रमुख होते, त्यांना सगळे सदरसाहेब म्हणत. दर हिवाळ्यात ते आपले प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन मोटारीने जिल्ह्याच्या गावी येत आणि तिथल्या कचेरीत सरावाची अदालत भरवत. मुलांनी वकील व्हायचं, सदरसाहेबांनी न्यायाधीश. यात वाईट काही नाही. माझ्या शाळेतही पोरी दुकान-दुकान खेळून हिशोब शिकायच्या. पण आम्ही दुकानात चिंचोके ठेवत होतो, शेजारणीच्या गळ्यातली पोत नव्हे.

या लोकांची एक खास पद्धत होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान. बनावट दावा घ्यायचा नाही. त्या गावच्या कचेरीत खरोखर चालू असलेला दावा घ्यायचा, नावंसुद्धा बदलायची नाहीत, आणि पक्षकारालाच पिंजऱ्यात उभं करायचं. आणि वर कळस म्हणजे हा सराव आहे हे त्या माणसाला सांगायचं नाही! का, तर माहीत असलं की माणूस मोकळेपणी बोलत नाही, मुलांना उलटतपासणीचा खरा अनुभव मिळत नाही. निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेरीला सुट्टी, म्हणून शुक्रवारी भरवायची. आमच्याकडे ते आले त्या आठवड्यात खरे मुन्सफ, म्हणजे कचेरीचे न्यायाधीश, रजेवर आपल्या गावी गेले होते. किल्ली शिरस्तेदाराकडे. विद्यापीठाचे साहेब म्हटल्यावर त्याने दार उघडून दिलं, वर खुर्चीही पुसून दिली.

दिवाळीनंतरच्या थंडीत ते आदिलाबादला आले आणि त्यांनी मायचा दावा निवडला. आदल्या दिवशी एक तरुण प्राध्यापक मळ्यात आला. मराठी माणूस, आपल्यासारखंच बोलणारा. माय मिरच्या तोडत होती. तो म्हणाला, "मावशी, उद्या कचेरीत या. तुमचं प्रकरण मोठे साहेब ऐकणार आहेत. भिऊ नका, खरं ते सांगा." मायने त्याला ओटीभर वांगी दिली. तोही ती घेऊन गेला!

पुढचं सगळं मला नंतर मायने सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मीच तिथे असल्यासारखं वाटतं. चपराशाने पट्टा लावून तिच्या नावाचा पुकारा केला. न्यायाधीशाच्या खुर्चीत काळा झगा घातलेले साहेब. गावचे दोन-तीन वकील पुढे बसलेले, काका कोपऱ्यात. तिच्या बाजूने एक चाचरणारा मुलगा उभा राहिला, काकाच्या बाजूने एक तरतरीत. त्या तरतरीत पोराने तिला घाम फोडला. विहीर कोणत्या साली खणली? साल तिला काय ठाऊक? मजुरांना भाकर-पाणी सासऱ्यांच्या घरून जायचं की नाही? जायचं, ती म्हणाली, कारण जायचंच. झालं! घराण्याचा पैसा लागला म्हणजे मळा घराण्याचा. सदरसाहेबांनी उर्दूत लांबलचक निकाल वाचला आणि त्या मराठी प्राध्यापकाने तो आमच्या भाषेत सांगितला. मळा काकाचा. बाईला पोटापुरतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायला वाटलं, काकासाठी वाजवल्या.

पुढच्या बाकावरच्या वकिलांना ठाऊक होतं की हा सराव आहे. त्यांना वाटलं, हिलाही ठाऊक असेल. आणि काकाला तर त्याच्या वकिलाने आधीच कानात सांगून ठेवलं होतं. पण ज्याला ठाऊक होतं तो मूग गिळून बसला, आणि जिला सांगायला हवं होतं तिला सांगायचं नाही हाच तर त्या शहाण्यांचा नियम! नाटकात लोक तोंड रंगवतात, मिशा लावतात. इथे कोणी काही लावलं नव्हतं. कचेरी तीच, खुर्ची तीच, चपराशी तोच. तिने कशावरून ओळखायचं हो?

माझी माय सरकारी हुकुमाला फार मानायची. निकाल लागल्यावर हुज्जत घालणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आला. "वहिनी, ऐकलं ना सायबानं काय सांगितलं? मंग आता?" तिने मोट, तिचा दोर म्हणजे नाडा, दोन टोपल्या, सगळं त्याच्या हवाली केलं आणि बाजारामागच्या एका खोलीत राहायला गेली. दाव्याची खरी पेशी आली तेव्हा ती गेलीच नाही. निकाल लागल्यावर कचेरीत पुन्हा कशाला जायचं? व्हरांड्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. कोणी आलं नाही म्हणून खऱ्या मुन्सफांनी एकतर्फी निकाल दिला. मळा कागदोपत्रीही काकाचा झाला.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन घरी आले तर मळ्यात काकाचे बैल मोटेला जुंपलेले. मी खोली शोधत गेले. माय दुसऱ्याच्या मळ्यातली मेथी जुड्या बांधून बाजारात न्यायच्या तयारीत होती. मी किंचाळलेच, "माय, हे काय करून राह्यली तू?"

"हुकूम झाला बाई," ती म्हणाली. "लय मोठा सायब होता. शहरातून आलता."

शिरस्तेदाराकडे चौकशी केली. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. सगळं कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मुन्सफांसमोर जाऊन उभी राहिले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अर्जाची मुदत उलटून गेली आहे. पण बाईची खरोखर दिशाभूल झाली असेल तर मी पुन्हा ऐकू शकतो. विद्यापीठाच्या त्या साहेबांकडून एवढंच लिहून आणा की त्या शुक्रवारची अदालत सरावाची होती आणि हे या बाईंना सांगितलेलं नव्हतं. तुमच्या तोंडच्या शब्दावर मला काही करता येणार नाही."

दोन ओळी. मायचा मळा आता दोन ओळींवर येऊन थांबला होता.

मी विद्यापीठाला लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की ही बाब विभागाशी संबंधित नाही. शहरात जाऊन त्यांच्या दारात बसायचं तर शाळेतून तेवढी रजा मिळेना. शेवटी ठरवलं, हिवाळ्यात हे लोक पुन्हा येतीलच, तेव्हा गाठू. वर्षभर माय रोज दुसऱ्यांच्या मळ्यांतून भाजी आणायला जायची, पण आपल्या मळ्यावरून जाणारी वाट टाळून लांबून जायची. सुट्टीत घरी आले की तिचं ते लांबून जाणं बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा.

आले. पुन्हा त्याच थाटात आले, आणि मुसाफिर बंगल्यात उतरले. मी मायला घेऊन सकाळीच गेले. व्हरांड्यात तिघं बसले होते: सदरसाहेब, दिवाणी दावे कसे चालवायचे ते शिकवणारे जाड भिंगांचे वयस्कर प्राध्यापक, आणि तो मराठी तरुण. आम्हाला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मी नोकरीत शिकलेल्या मोडक्या उर्दूत सगळं सांगितलं आणि म्हटलं, "दोन ओळी लिहून द्या, साहेब. एवढंच."

सदरसाहेबांनी पेला खाली ठेवला. फार गोड बोलायचे. "बेटी, तुझं दुःख मला समजतं. पण मी असं लिहून दिलं तर लोक म्हणतील, विद्यापीठ लोकांना फसवतं. विभागाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि आमच्या मळ्याचा?"

"त्यात आमची चूक काय? सुट्टीच्या दिवशी कचेरी भरत नाही, हा कायदा आहे. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही."

मी त्या तरुणाकडे वळले आणि सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही मळ्यात आला होता. ही मिरच्या तोडत होती. तिला काऊन नाही सांगितलं?"

त्याची मान खाली गेली. "सांगितलं असतं तर त्या तशा बोलल्या नसत्या. मुलांना शिकायला मिळालं नसतं. सगळीकडे आम्ही असंच करतो."

असंच करतो म्हणे! म्हणजे गावोगावी असं केलं असणार, आणि कुठे कोणाचं काय झालं हे मागे वळून बघायची एकालाही गरज वाटली नसणार. तुमची पोरं उद्या पदव्या घेतील, आणि त्या पदव्यांसाठी माझ्या मायने घाम गाळायचा, मळा द्यायचा, आणि वर तिलाच कायदा ऐकवायचा? हे सगळं मी तिथे बोलले. मोठ्याने बोलले. खानसामा आतून डोकावून गेला.

आणि मग जे झालं ते ऐका. जाड भिंगांचे प्राध्यापक हे सगळं ऐकत होते. ते एकदम खुर्चीत पुढे सरकले, त्यांचे डोळे चकाकले. म्हणाले, "सदरसाहेब, हा मुद्दा तर फार सुरेख आहे! सरावाच्या अदालतीला खरी समजून पक्षकार खऱ्या पेशीला गैरहजर राहिला, तर ते सबळ कारण धरावं की नाही? असा मुद्दा पुस्तकांतही सापडायचा नाही. शुक्रवारी हाच घेऊ!"

माझी माय समोर उभी होती. तिच्या पायात वहाणा नव्हत्या. त्यांना ती दिसतच नव्हती, मुद्दा दिसत होता.

सदरसाहेब मला म्हणाले, "शुक्रवारी या. गावासमोर तुमची बाजू मांडली जाईल. मग लिहून देण्याचं बघू." बघू, म्हणाले. त्या एका शब्दासाठी मी रजा वाढवली.

घरी येऊन मायला समजावलं. "माय, हे खोटं असते. मागच्या बारी बी खोटं होतं. आपण फक्त त्या दोन ओळींसाठी जातोय."

तिने हातातली मेथीची जुडी बांधून खाली ठेवली. मग म्हणाली, "खोटं होतं, मंग मळा कसा गेला?"

याचं उत्तर तुम्हाला सुचतंय का बघा.

शुक्रवारी कचेरी तुडुंब भरली, काकाही आला होता. या खेपेला मायच्या बाजूने तरतरीत मुलगा होता, आणि काय बोलला तो! बिचारी विधवा, भोळा विश्वास, कायद्याच्या आवारातच कायद्याने दिलेला दगा. एकेका वाक्याला लोक वाहवा करत होते. पलीकडचा मुलगा गडबडून गेला. सदरसाहेबांनी निकाल दिला: बाईचं कारण सबळ आहे, एकतर्फी निकाल रद्द, मळा तूर्त बाईच्या ताब्यात. त्यांनी रुमालाने डोळे पुसले, खरंच सांगते. आपल्याच निकालावर! टाळ्यांचा कडकडाट. अत्तर फिरलं. त्या तरुणाने मायच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

मायने हार हातात घेऊन नीट पाहिला. "हे आपल्या इहिरीवरचे हायेत," ती मला हळूच म्हणाली. बाजारात त्या दिवसांत झेंडू फक्त काकाच विकायचा.

मी सदरसाहेबांपुढे गेले. "साहेब, त्या दोन ओळी."

"आता कशाला?" ते हसले. "सगळ्या गावासमोर न्याय मिळाला ना?"

"तो खऱ्या मुन्सफांपुढे चालत नाही, हे तुम्हीच शिकवता."

"विभागाच्या नावावर असं लेखी देता येत नाही, बेटी." आणि फोटो काढायचा म्हणून ते बाहेर गेले. जाड भिंगांचे प्राध्यापक मुलांना मुद्दा पुन्हा समजावून सांगण्यात दंग होते. तरुण माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "ताई, मनातून मी तुमच्याच बाजूचा आहे." मला सगळ्यांत जास्त चीड त्या माणसाची आली. सदरसाहेबांना निदान आमची भाषा तरी येत नव्हती. मी म्हटलं, "तुमचं मन घेऊन मी काय करू? सही करा." त्याने हात मागे नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर माय खोलीत नव्हती, आणि खुंटीवरचा हारही नव्हता. मी धावतच मळ्याकडे गेले. माय विहिरीपाशी उभी होती. गळ्यात हार, कमरेला पदर खोचलेला, आणि मोटेचा नाडा तिने हातात धरलेला. काका बांधावरून ओरडत येत होता, मजूर कामं सोडून बघत होते.

"वहिनी, सोड तो नाडा! काय करून राह्यली?"

"हुकूम झाला काल," माय म्हणाली. "तू बी होता तठी. सायबानं मळा मले देला."

काका खो-खो हसला. "अवो वहिनी, ते नाटक होतं! सुट्टीच्या दिवशी कधी कचेरी असते काय?"

मायने नाडा आणखी घट्ट धरला. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मंग मागच्या बारीचं काय होतं, भाऊजी?"

काकाचं हसू थांबलं. मजुरांनी माना खाली घातल्या. मग तो म्हणाला, "तवा तू खरं मानलं. त्याले मी काय करू?" आणि त्याने तिच्या हातातून नाडा काढून घेतला.

मी मायला तिथेच सोडून मुसाफिर बंगल्याकडे पळाले. शनिवार होता, खरी कचेरी उघडी होती. त्या तिघांपैकी एक जण मुन्सफांसमोर येऊन चार शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. मोटार सुरू झाली होती. मी तिच्यापुढे उभी राहिले. सदरसाहेबांनी काच खाली केली, माझं ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही वरच्या कोर्टात अपील करा." मोटार माझ्या बाजूने वळून गेली. मागच्या बाकावर तो तरुण दुसरीकडे बघत होता.

अपील केलं. कागद नाही म्हणून तेही गेलं. काकाचं ते बोलणं ऐकलेल्या मजुरांपैकी कोणी साक्षीला आलं नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. त्यांची चूल काकाच्या हातात होती. दोष मी ज्यांना देते त्यांच्या चुलीला काहीच होणार नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात काकाने झेंडू उपटून विहिरीपर्यंत कपाशी लावली. मायने त्या हाराच्या वाळलेल्या फुलांतलं बी चोळून काढून ठेवलं होतं. ते तिने खोलीच्या दाराशी फुटक्या डब्यांत आणि मातीच्या कुंड्यांत टाकलं. थंडी पडली आणि दार पिवळंधमक झालं. मी तेव्हा सुट्टीवर घरीच होते. गुरुवारी सकाळी कचेरीचा चपराशी आला, पट्टा न लावता. म्हणाला, "बाई, झेंडू द्या. उद्याला हार लागतात. बाजारात कोठी भेटून नाई राह्यला."

"उद्या शुक्रवार हाये," माय म्हणाली. "शहरातले सायब आले काय?"

"हो."

"यंदा कोणाचं प्रकरण हाये?"

चपराशाने एका कोष्टिणीचं नाव सांगितलं. नदीकडच्या आळीत राहणारी, तीही एकटीच.

मायने डोक्यावर पदर घेतला, दार ओढून कडी लावली, आणि फूल न देता त्याला तिथेच उभा ठेवून ती त्या आळीकडे चालू लागली.